धुऱ्यावरचं बेट अन् नवाब

३ जुलै २०२४

फकीर मोहम्मद,

रामराम नाही, सलामही नाही. बांधाले बांध, धुऱ्याले धुरा लावून जिंदगी काढलेल्या मानसाले न सांगता ज्यानं गाव सोडलं, त्याले कायचा रामराम घालू?

फोनच करनार होतो. पन तुले फोनवर ऐकू येत नाही, अन् मले वरडून वरडून मनातलं बोलता येत नाही. म्हनून आयशाकडून पुण्याचा पत्ता घेतला. नात तुही शहानी हाये, तुह्यावर गेली नाही. मास्तर शाळेत म्हनत, गुलाब, शुद्ध लिही. शुद्ध लिवलं तं तुले माहा आवाज ऐकू येनार नाही. जसं तोंडात येते तसं लिवून राह्यलो.

मुद्द्याचं पह्यले सांगतो. तुहं कुत्रं घेऊन जाय.

सरवरीवैनी गेली, तिचा चाळिसावा झाला, हप्ताही गेला नाही, अन् तुह्या पोराची, आमीरची गाडी पहाटे दारात. तू बसला, गेला. अन् जाता जाता कुत्रं बांधलं कुठी, तं धुऱ्यावरच्या बांबूच्या बेटाले! माहा धुरा काय कोंडवाडा हाये बे? सकाळी वावरात गेलो तं ते दोर ताणून उभं. माह्याकडं असं पाहे, की जसं मीच त्याले बांधलं.

अर्ध्या कानाचं कुत्रं अन् नाव नवाब! वैनीनं हे नाव ठेवलं तवा मी पोट धरून हासलो होतो. तुह्या घरात त्यानं कधी उंबरा ओलांडला नाही. घरात नमाज होते म्हनून बाहेरच बसे, अन् वैनीच्या हातची भाकर खाये. माह्या घरातही त्याले उंबऱ्याच्या आत जागा नाही. अन्नपूर्णा म्हनते, घरात देव हायेत, कुत्रं बाहेर. मी म्हतलं, बराबर हाये. ते बेटातच बांधून असते. मी त्याले खाऊ घालत नाही, हात लावत नाही. हे लिवून ठेवतो, मांगून म्हनशीन गुलाबनं कुत्रं हडपलं.

दुसरी गोष्ट बेटाची. ज्ञानेश्वर टेलर गेला. तू असता तं सकाळीच कोयता घेऊन बेटात घुसला असता. दुःखाच्या घरानं अन् त्याच्या जातभाईनं कोयता उचलू नाही, त्यायनं रडत बसावं, हा कायदा तुह्या बापानं अन् माह्या बापानं बेट लावलं तवाच केला. हिंदूचं मरन असो की बौद्धवाड्यातलं, तिरडीचे बांबू तुह्या घरानं तोडायचे. तुमच्यातली मय्यत असली की कबरीवर आडवे टाकाचे बांबू माह्या घरानं. वैनीचे म्याच तोडले. तू तवा भिंतीले टेकून बसला होता.

ज्ञानेश्वरच्या दारात सगळे माह्याकडं पाहून राह्यले. मी कसा तोडू? शेवटी माहा प्रज्वल गाडी काढून संग्रामपूरून बांबू इकत घेऊन आला. ह्या गावात पह्यल्यांदा तिरडीचा बांबू इकत आला, फकीर. तू जिंदगीभर बाजारात शिड्या इकल्या, पन ह्या बेटातली काडी कधी इकली नाही. मले लय लाज वाटली.

इकतच्या बांबूचं तं आता खूळच निंघालं. सूनबाईच्या बहिनीनं, मयुरीनं, तिले काचेच्या भांड्यात बांबू आनून देल्ला. हात हात लांबीच्या तीन काड्या, पिळलेल्या, लाल फितीनं बांधलेल्या, पान्यात उभ्या. म्हने, ह्यानं घरात भाग्य येते. मी अश्विनीले म्हतलं, माय, धुऱ्यावर अख्खं बेट हाये, त्यानं नाही आलं भाग्य, ह्या तीन काड्यायनं काय येनार? टीव्हीजवळच्या स्टुलावर ठेवला हाये तिनं.

कुत्र्याचं काय करतं ते कळव.

गुलाबराव


२७ जुलै २०२४

फकीर,

रामराम. हा रामराम कुत्र्यापायी हाये, तुह्यापायी नाही.

त्याची तब्येत बिघडली. पह्यले वाटलं, कायतरी सडकं खाल्लं असन, कुत्र्याची जात. दोन दिवस बरं राह्यलं, पुन्हा ओकलं. तोंडातून निरी लाळेची तार लागते. भाकर हुंगते अन् तोंड फिरवते. चालतं तं मांगचे पाय असे पडते, जसं देशी पिऊन आलं.

अश्विनीनं फोनवर पाह्यलं. पोरगी कुत्र्यासाठी जीव टाकते. तिनं मले वाचून दाखवलं, की बांबू कुत्र्याले विषारी असते, उलट्या होते, लाळ गळते. मी म्हतलं, हट, असं असतं तं आपल्या गावातले सगळे कुत्रे कधीच मेले असते. पन ती म्हने, बाबा, ते दिवसभर बेटातच तं असते, दुसरं काय खाईन?

आता माह्या मनातलं सांगतो. हे म्या घरात कोनाले सांगतलं नाही. वैनीसाठी जिथून बांबू तोडले, तिथं खुंटं हायेत. बाजूनं नवे कोंब निंघाले. कुत्रं सुटलं की तिथंच जाऊन बसते. हुंगते, कोंब चावते. अख्खं बेट सोडून तिथंच काऊन जाते, ते तूच समजून घे. मले भेव ह्याचं, की तुही माय अन् माही माय कोंबाची भाजी करत तवा दोन डाव उकळून पानी फेकून देत. कच्च्यात कायतरी असन, तवाच तं फेकत. मंग कुत्र्यानं कच्चंच खाल्लं तं?

प्रज्वलले तं निमितच भेटलं. त्याले त्या धुऱ्यावरून ट्रॅक्टरले रस्ता पाह्यजे, दोन वर्सांपासून मांगं लागला हाये. म्हने, बाबा, आता बांबू तोडाले मानूस नाही, लोकं इकत आनून राह्यले, अन् वरून जनावर मरून राह्यलं. पोळ्याच्या आधी मशीन बोलावतो, एका दुपारात बेट साफ.

अर्धं बेट तुहं हाये. तुह्या हो-नाहीबिगर मी पात्याले हात लावू देनार नाही. तुह्याकडं असताना त्यानं कधी बांबू खाल्ला का, खाऊन काही झालं का, ते लवकर लिही.

दुपारी पंख्याखाली त्याची धाप कमी होते. म्हंजे झाडाखाली. बेटातला वारा पंख्यासारखाच असते, तुले माहीत हाये.

घरात दुसरी कटकट चालू हाये. अश्विनी इचारते, भांड्यातल्या बांबूचे पानं कोन खुडते? मी म्हतलं, उंदीर असन.

गुलाबराव


१६ ऑगस्ट २०२४

फकीर,

मांगच्या पत्रातला रामराम मी वापस घेतला.

तुहं पत्र भेटलं. म्या दोन दोन पानं लिवले, अन् तुनं काय लिवलं? "बेट तोड. माहं कोन राह्यलं तिथं." बस. कुत्र्याचं एका अक्षरानं इचारलं नाही. अन्नपूर्णानं वाचाले मांगतलं, म्या देल्लं नाही. तिले काय सांगू, की तिच्या हातचा चहा जिंदगीभर पेलेला मानूस म्हनते, माहं तिथं कोनी नाही?

प्रज्वलनं माह्या खिशातून काढून वाचलंच. आता त्याच्या हातात तुही परवानगी हाये. सोमवारी मशीन येनार.

आज कुत्रं उठलंच नाही. प्रज्वलनं गाडीत टाकलं, अश्विनी अन् मी मांगं बसलो. संग्रामपूरच्या जनावराच्या दवाखान्यात आता आपल्या संघपालची मंजुश्री डाक्टर हाये. तुह्या शिडीवरून पडून जिचा दात तुटला होता, तीच. मोठी झाली, चष्मा लागला, पन काका म्हनूनच बोलते. तिनं पापन्या उलटून पाह्यल्या, हिरड्या पाह्यल्या, पोट दाबून पाह्यलं. काय खाल्लं इचारलं. आम्ही तिघंही एकाच सुरात म्हतलं, बांबू.

ती म्हने, "काका, बेटातल्या बांबूनं कुत्र्याले असं होत नाही. पानं खाल्ले तं खाऊ द्या. फुटक्या बांबूची धार तोंडात, घशात लागू शकते, ते मी पाह्यलं, तसं काही नाही. कच्चे कोंब लय खाल्ले तं पोट बिघडन. पन हे इतके दिवस चालून राह्यलं, पुन्हा पुन्हा होऊन राह्यलं. हे वेगळं हाये. ह्याच्या पोटात दुसरं काय जाते?"

प्रज्वल म्हने, काही नाही, बेटातच बांधून असते. अश्विनी म्हने, मी सोता भाकर नेऊन देतो. मंग मंजुश्रीनं माह्याकडं पाह्यलं. "काका, तुम्ही सांगा. घरात येते का हे? घरातलं काही खाते?"

मी म्हतलं, नाही.

तिनं सुई देल्ली, सलाईन लावली, अन् त्याले तिथंच ठेवून घेतलं. म्हने, म्हतारं हाये, अंगातलं पानी गेलं तं हातातून जाईन. काय पोटात जाते ते कळल्याबिगर मी अंधारात दगड मारून राह्यली.

घरी आलो. जेवन गेलं नाही. बैठकीत बसलो तं ते काचेचं भांडं समोर. आता जास्त लिवत नाही. उद्या नवाबकडं जाऊन येतो.

गुलाब


१८ ऑगस्ट २०२४

फकिरा,

तुले खोटं लिवलं. घरातल्यायले खोटं सांगतलं. डाक्टरनीले तोंडावर खोटं सांगतलं. आता सगळं लिवतो, हासायचं तं हास.

नवाब बेटात बांधून नसते. सकाळी असते, संध्याकाळी असते. दुपारी अन्नपूर्णा जरा आडवी होते, अश्विनी शिवनाच्या क्लासले जाते, प्रज्वल वावरात. तवा मी मांगच्या दारानं त्याले आत घेतो. बैठकीत सतरंजीवर तो, खाटेवर मी, वर पंखा. तू गेल्यापासून दुपारी माह्याशी बोलाले कोन हाये? पह्यले तुह्या ओट्यावर बसत होतो. आता कुत्र्याले सांगतो, कपाशी कशी हाये, कोन काय म्हतलं. तुह्यापेक्षा बरं ऐकते.

स्टुलावरच्या भांड्याकडं तो हुंगत जाये. पह्यल्या दिवशी त्यानं पान तोडलं तं मी हासलो. दुसऱ्या दिवशी मीच पान खुडून त्याच्यासमोर धरलं. मंग खेळच झाला. मी पान धरायचं, त्यानं हळूच दातानं ओढायचं, चावायचं. भांड्यातलं पानीही पेये. पानं कमी दिसाले लागले तं म्या भांड्याचं तोंड भिंतीकडं फिरवलं, सूनबाईले दिसू नाही म्हनून. माह्या डोक्यात एकच, अरे, बांबूच तं हाये! जिंदगी बांबूत गेली आपली. ज्या कुत्र्याले बेटातल्या पानानं काही झालं नाही, त्याले ह्या शोभेच्या काडीनं काय होनार? दुसऱ्या कोन्या झाडाचं असतं तं म्या देल्लं नसतं, फकिरा. बांबू म्हनून देल्लं.

काल सकाळी ते भांडं धोतराच्या सोग्यात धरून मी एकटाच एसटीत बसलो. पानी सांडलं, कंडक्टर वरडला. दवाखान्यात पोचलो तं अश्विनी अन् प्रज्वल आधीच तिथं. त्यायच्यासमोर मंजुश्रीच्या टेबलावर भांडं ठेवलं, अन् म्हतलं, माय, हे खाते तो. माह्या हातानं खाते.

तिनं पान पाह्यलं, काडी पाह्यली. "काका, हा बांबूच नाही. दुकानात नाव बांबू देते, झाड निराळं. आपल्या बेटातला बांबू गवताच्या जातीतला, ह्याची जात दुसरी. माणसानं शोभेले ठेवलं तं ठीक, पन कुत्र्यामांजराच्या पोटात गेलं तं बाधते. उलट्या, लाळ, पायातलं बळ जाणं, सगळं ह्याचंच." मंग चष्मा काढून म्हने, "काल मले सांगतलं असतं तं एक दिवस वाचला असता."

जनावर टेबलावर पडलेलं, पायाले पट्टी, नळी लावलेली. मी जवळ गेलो तं त्यानं माहा हात हुंगला. अन् शेपटी हालवली, फकिरा. ज्या हातानं जहर देल्लं, तोच हात चाटला त्यानं. मी दवाखान्यात रडलो. पोरगा अन् सून समोर असून रडलो.

अश्विनी रागावली नाही. उलटी म्हने, "बाबा, बांबू विषारी असते म्हनून मीच सगळ्यायले भेव घातलं, अन् जे विषारी होतं ते मीच घरात ठेवलं." प्रज्वल म्हने, "म्हंजे बेटाचा काही कसूर नाही." मी म्हतलं, नाही, तुह्या बापाचा हाये.

घरी येऊन अन्नपूर्णाले सांगतलं. ती भाकरी थापून राह्यली होती. मान वर न करता म्हने, "मले माहीत हाये. सतरंजी झटकतो मी रोज. केस काय तुमच्या डोक्याचे हायेत? तुमच्या डोक्यावर तं एक नाही."

मंजुश्री म्हने, आता काय गेलं पोटात ते कळलं, पन ताकद लय कमी हाये, जीव वाचन की नाही ते आज सांगत नाही. उद्या मशीन येनार. तुही परवानगी प्रज्वलच्या खिशात हाये, अन् नवाब दवाखान्यात.

गुलाब


४ सप्टेंबर २०२४

फकिराले गुलाबचा रामराम अन् सलाम, दोन्ही.

नवाब घरी आला.

पोळ्याच्या दिवशी बैल घरी आले, पूजा झाली, अन् अन्नपूर्णानं ओवाळनीचं ताट खाली ठेवून त्याले आवाज देल्ला, "ये रे, बाहेर काऊन उभा?" ते उंबऱ्यावर थबकलं. समोरच्या दारानं कधी आत आलंच नव्हतं ना, चोरावानी मांगूनच येये. मंग मले म्हने, "देवाले चालते, तुमाले लपवाले काय झालं होतं?" पुरन त्याले चालत नाही, डाक्टरनीनं सांगतलं. दहीभात खाल्ला. सगळा खाल्ला.

काचेचं भांडं अश्विनीनं फेकलं नाही, बहिनीनं प्रेमानं देल्लं म्हने. उंच आलमारीवर ठेवलं, नवाब तिथं पोचत नाही. पडलेलं पानही ती लगेच उचलते.

अन् बेट. त्या सोमवारी मशीन आली होती. मी सकाळपासून बेटात वैनीच्या खुंटांजवळ टॉवेल अंथरून बसलो होतो. भांडाची पूरी तयारी करून गेलो होतो. पन प्रज्वलनं मशीनवाल्याले दुरूनच हात केला, डिझेलचे पैसे देल्ले, अन् वापस पाठवलं. मंग माह्याजवळ येऊन बसला. म्हने, "रस्ता खालून काढतो, जरा फेरा पडन." तुही चिठ्ठी त्यानं माह्या हातात देल्ली अन् म्हने, "हे फकीरकाकाले वापस धाडा." तं ह्या पाकिटात टाकली हाये. तुही परवानगी मले नाही पाह्यजे.

परवा आयशाचा फोन आला. म्हने, दादा, म्हंजे तू, दिवसभर खिडकीत उभे राह्यते, खाली पार्किंगमधल्या कुत्र्यायले पाह्यते, नीट जेवत नाही. मी इचारलं, पोरी, त्यानं मले न सांगता गाव काऊन सोडलं? ती म्हने, "दादा बोलते, गुलाब को बताता तो वो जाने नहीं देता, और उसने रोका होता तो मैं रुक जाता."

हाव, रोकलं असतं. गाडीसमोर आडवा झालो असतो. मंग काय वाईट झालं असतं?

माहं कोन राह्यलं तिथं, इचारतं! वैनी इथं हाये, माह्या हातच्या बांबूखाली. तिच्या दारातलं कुत्रं हाये, अन् तू त्याले बेटाले बांधलं ते कोंडवाडा म्हनून नाही, मी रोज तिथं येतो म्हनून बांधलं, हे मले आता समजलं. अन् मी काय मेलो बे?

मेलो नाही, पन मरन तं एक दिवस. तुह्याहून एका वर्सानं मोठा हावो. तवा कायद्यानं माहे बांबू कोन तोडन, सांग? प्रज्वल संग्रामपूरून इकत आनन. मले इकतच्या बांबूवर जायचं नाही, फकिरा. जिंदगीभर तुह्या शिडीवर चढलो, शेवटच्या डाव दुकानातल्या बांबूवर कायले चढू?

आमीर दोन महिने तिथं, दोन महिने इथं म्हनला तरी चालन. तुह्या घराचा उंबरा अन्नपूर्णानं सारवून ठेवला. शेगावले गाडीतून उतर, प्रज्वल घ्याले येईन. नवाबले संगं आनतो म्हने.

तुहा कोयता तुह्या घरच्या कुडाले अडकवलेला होता, गंज चढला होता. काल दगडावर घासून धार लावली अन् तिथंच अडकवून ठेवला. घाई करू नको, माही तब्येत बरी हाये.

तुहा गुलाब